धुळ्याच्या खळग्या

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि त्यांच्यात भांडण मुळीच नव्हतं. आई घरातली धाकटी सून, आणि आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, तिचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही सांगायचंच झालं तर मध्ये एक पोर लागायचं आणि ते पोर मी होते. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत अंतर ते किती, पण आई म्हणायची, "कमळे, आबांना म्हणावं भाकरी वाढलीय," आणि आबांनी ते धडधडीत ऐकलेलं असलं तरी मी उठून त्यांना सांगायची. ते म्हणायचे, "सांग तुझ्या आयला, आलो." मग मी वळून आईला सांगायची. दादा, म्हणजे माझे वडील, मला आमचं पोस्टाफीस म्हणायचे. मला त्याचा राग यायचा आणि थोडा तोराही होता, कारण माझ्यावाचून घरातलं पान हलत नव्हतं.

आमची वस्ती कळसच्या शिवारात, गावापासून लांब, माळाच्या कडेला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दादांनी शेतीचा नाद धरला होता. शेती म्हणजे काय, तर पेरायचं आणि आभाळाकडे बघायचं. आबांनी मात्र कळप सोडला नाही. त्यांची बायको फार आधी वारली होती, मूलबाळ नव्हतं. जीव सगळा मेंढरांत आणि माझ्या धाकट्या भावात. बापू तेव्हा चार वर्षांचा असेल. आबा कुठेही निघाले की हा त्यांच्या धोतराचा सोगा धरून मागे. सकाळी आम्हाला जाग यायची ती कोकरांच्या ओरडण्याने, मग चुलीतल्या तुरकाट्यांचा तडतडाट, आणि हुलग्याच्या माडग्याचा वास. ते माडगं आईला पहिली दोन वर्षं गिळवत नसे. ती सांगवीची, बारामतीकडच्या बागायतीतली. तिच्या माहेरी घरामागून पाट वाहायचा, दारात ऊस, ताटात गूळ. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला कित्येक दिवस झोप लागली नाही, कारण कानाशी पाण्याचा आवाज नव्हता. हे ती हसून सांगायची, पण हसणं तोंडापुरतंच असायचं.

पाण्याची वाट म्हणाल तर आमच्याही घराजवळून जात होती. कालव्याची चारी होती. पण आम्ही तिच्या अगदी शेवटाला, ज्याला सगळे टेल म्हणतात तिथे. वरची गावं पाणी पिऊन ढेकर द्यायची आणि आमच्यापर्यंत नुसती बातमी यायची. चारी खणली तेव्हा म्हणे एकदा पाणी आलं होतं. मी पाहिली ती कोरडीच. तिच्यात रुई उगवलेली, सरडे पळणारे, आणि गाडीवाटेवरच्या बसक्या पुलाखाली पिठासारखी मऊ धूळ. ह्या पुलाखालच्या धुळीत धुळ्याच्या खळग्या होत्या.

धुळ्या हे आबांनी दिलेलं नाव. दुसरीकडे ह्या किड्याला काय काय म्हणतात मला ठाऊक नाही. धुळीत नरसाळ्यासारखी खळगी असते, कडा इतक्या सुबक की कुणी बोट फिरवून केल्यासारख्या. तळाशी तो पुरून बसलेला, बाहेर फक्त विळ्यांसारखे दोन जबडे, तेही धुळीच्या रंगाचे. मुंगी कडेवर आली की पाय निसटतो. ती वर चढू बघते, तळातून धुळीचा फवारा येतो, ती पुन्हा घसरते. मग एकदम मुंगी अर्धीच दिसते, आणि मग दिसतच नाही. बापू तासन्‌तास पालथा पडून हे बघायचा. मला ते फार वेळ बघवत नसे. त्या खळग्यांकडे पाहिलं की आपण उभे आहोत ती जमीनही कुठेतरी अशीच भुसभुशीत असेल असं वाटायचं.

आबांना मात्र धुळ्या म्हणजे मोठा आधार. त्यांच्या बापाने, आज्याने रानोमाळ मेंढरं हिंडवली, आणि मुक्काम कुठे टाकायचा हे हा किडा बघून ठरवलं. त्याची खळगी कोरड्या, आडोशाच्या धुळीतच होते. ओल लागली की खळगी मोडते. आणि किडा मोठा व्हायला वेळ लागतो, म्हणून जिथे मोठाली खळगी दिसेल तिथे मागचे पावसाळे पाणी शिरलेलं नाही. आबांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "धुळ्यानं घर केलं तितं मेंढराचा खूर भिजत न्हाय." आणि खरंच, आयुष्यभर भिजला नव्हता. ओढ्याकाठी इतरांचे कळप वाहून गेले तेव्हा आबांचा कळप कोरडा राहिला, हे आसपासच्या चार गावांना माहीत होतं. लोक छपराची जागा धरायची तरी त्यांना विचारायला येत.

मध्यंतरी डाळिंबवाल्यांच्या एका प्रशिक्षणाला मी गेले होते. पन्नाशी उलटल्यावर मला शाळेत बसायची हौस आली, असं माझी मुलगी म्हणते. तिथल्या सरांनी एका काचेच्या डबीत हिरवा, नाजूक, जाळीदार पंखांचा किडा दाखवला. क्रायसोपा म्हणाले, शेतकऱ्याचा मित्र. त्याचं पिल्लू माव्याला शोषून घेतं आणि काही जातींची पिल्लं तर खाल्लेल्यांची चिपाडं पाठीवर लादून फिरतात. मग सरांनी भिंतीवर त्याच्या भाऊबंदांची चित्रं दाखवली आणि तिथे आमचा धुळ्या होता, जबडे वासून. शेजारी मोठा होऊन पंख फुटलेला धुळ्याही होता. आणि त्याच्या शेजारी आणखी एक. मोठे डोळे, चतुरासारखं अंग, पण लांब मिशा आणि मिशांच्या टोकाला गाठी. मी त्याला लगेच ओळखलं आणि मला पाणी मागावं लागलं. आमच्या वस्तीवर तो बाभळीच्या वाळक्या फांदीला दिवसभर चिकटून असायचा, शेपूट वर उचलून, मोडक्या काट्यासारखा. अंधारून आल्याखेरीज हलायचा नाही. बापू त्याला काटेबुवा म्हणायचा. ही सगळी एकाच कुळातली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर फोड यायचा. दादा पहाटेच मेंढरं घेऊन लांब चारायला जायचे. आबांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांच्याकडे नुकतीच जन्मलेली कोकरं. वस्तीवर गारवा एकाच ठिकाणी, पुलाखाली. आबांनी तिथे कोकरांसाठी जागा केली. वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून एके काळी पाणी यायचं तिकडे, लांडग्या-कोल्ह्याने शिरू नये म्हणून बाभळीच्या फांद्यांचा दाट बांध रचला. खालच्या अंगाला वाघर लावली, म्हणजे मेंढरं कोंडायची सुती जाळी, खुंट्यांना गाठी मारून पक्की. आत कोकरं, आबांचं घोंगडं, पाण्याचं मडकं, आणि बापू. काटेबुवांनाही ती बाभूळ मानवली. पाचसहा जण त्या वाळक्या फांद्यांवर शेपट्या वर करून बसलेले असायचे. आबा बापूला सांगायचे, "त्यास्नी उठवू नगं. दिसाचा त्यो उठला म्हंजी समज, काटा कुणीतरी हलवलाय."

एक दिवस कालव्याचा पाटकरी सायकलवरून आला. दारं उघडायची, बंद करायची, पाळ्या सांगायच्या, हे त्याचं काम. चहा घेता घेता म्हणाला, "आबा, ह्या टायमाला खरंच पाणी सोडलंय. वरचं गेट दुरुस्त झालं. चार रोजात टेलला येतंय. चारीत काय ठिवलं असंल ते काढून घ्या."

आबांनी त्याला हाताला धरून पुलाखाली नेलं. मी आणि दोनचार शेजारी मागोमाग. आबा उकिडवे बसले आणि एका खळगीच्या तळाशी बोट घालून धुळ्या तळहातावर घेतला. चांगला हरभऱ्याएवढा होता.

"हे बघा."

"किडा हाय."

"दोन पावसाळं खाल्ल्याबगर ह्यो एवढा व्हत न्हाय. म्हंजी दोन पावसाळं हितं थेंब न्हाय. आन तुमचं पाणी तर चारी खणल्यापासनं चार रोजात येतंय."

सगळे हसले. पाटकरीसुद्धा हसला आणि म्हणाला, "बरं बाबा, तुमी आन तुमचा किडा." पण सायकलवर टांग टाकताना त्याने पुन्हा एकदा चारीकडे बघितलं. आबा बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन. धुळ्या खोटं सांगतच नव्हता. तो फक्त झाल्या दिवसांचं सांगत होता.

आई तेव्हा पुलाच्या भिंतीआड उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी सगळे जेवायला बसले आणि तिने माझ्या ताटात भाकरी टाकता टाकता सुरुवात केली. "कमळे, आबांना म्हणावं, माज्या माह्यारी पाणी आभाळातनं येत न्हाय, चावीनं येतं. चावी कवा फिरंल ते किड्याला कसं कळावं."

मी सांगितलं. आबांनी घास चावून गिळला. "सांग तुझ्या आयला, सांगवी येगळी आन कळस येगळं."

"म्हणावं, पाणी येगळं नसतंय. कोकरं वर आणा म्हणावं. निदान बापूला तरी तितं निजवू नगा."

हे सांगताना माझा आवाज बारीक झाला. आबांनी बापूच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला जवळ ओढून घेतलं. त्यांना अपमान वाटला असावा. आई दादांकडे वळली, "तुमी तरी बोला." दादा म्हणाले, "त्यानं आमास्नी पावसात कोरडं ठिवून वाढवलंय. मी त्याला पाणी शिकवू व्हय?" आईने लसणाच्या चटणीचं भांडं पुढे सरकवलं.

आईने मग बापूला घरात अडकवून ठेवलं. तो दिवसभर रडायचा, दाराला लाथा मारायचा, आणि पुलाखालून आबा त्याला हाक मारायचे ती आम्हाला ऐकू यायची. आई काम करता करता मध्येच थांबायची आणि मान तिरकी करून ऐकायची. काय ऐकतेस म्हटलं तर म्हणायची, "काय न्हाय." चार रोज गेले. पाचवा गेला. चारीत धूळच. शेजारणी आईची थट्टा करू लागल्या, "पारू, तुज्या सांगवीचं पाणी वाटंत चुकलं का गं?" सहाव्या दिवशी बापूच्या अंगात कणकण भरली, आणि पत्र्याखालच्या त्या भट्टीत त्याला ठेवणं आईच्याच जिवावर आलं. तिने स्वतः मला सांगितलं, "ने त्याला आबांकडं. गार वाटंल त्याला." ही तिची चूक मी म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. तापलेल्या पोराला आई सावलीतच धाडणार.

दुपार झाली. आई ज्वारी पाखडत होती, मी खडे वेचत होते. लांबून, मावळतीकडून, हलगी ऐकू आली. लग्नसराईचे दिवस, आम्हाला काही विशेष वाटलं नाही. मी म्हटलं, "कुणाची वरात हाय?" आई पाखडत राहिली. हलगी जवळ येत होती, पण वाटेने नाही, रानातून. मध्येच माणसांचा गलका, मध्येच थांबायची, पुन्हा सुरू. आईच्या हातातलं सूप थांबलं.

"उनात वरात कोन काढतं?" ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा असा झाला की मला तो ओळखूच येईना. "कमळे, ती लोकं पाण्यासंगट चालत्यात."

सूप तिथेच उपडं झालं. आम्ही दोघी अनवाणी धावलो. मी पुलावर चढले, ती खालच्या अंगाला, चारीच्या काठावर. पुलावरून मला दोन्ही बाजू दिसत होत्या. खालच्या अंगाला वाकून बघितलं तर वाघरीमागे कोकरं निवांत, घोंगड्यावर बापू झोपलेला, आबा त्याच्या उशाशी, आणि काट्यांतून झिरपलेली पाण्याची एक बारीक जीभ धुळीतून सरकत होती. एकेका खळगीपाशी ती थांबायची, खळगी भरायची, पुढे व्हायची. आबा ती बघत बसले होते, हलत नव्हते. आणि वरच्या अंगाला बाभळीच्या बांधाशी फेस, पाचट, शेंगा, वाळकी रुई, सगळं तटून बसलं होतं, आणि त्यामागे गढूळ पाणी माझ्या छातीएवढं चढलं होतं. आवाज अजिबात नव्हता. लांब काठाने येणाऱ्या लोकांची हलगी तेवढी वाजत होती.

आईने पदर ओढून घेतला. अजूनही. मान खाली घालून ती मला ओरडली, "सांग त्यास्नी, वर या म्हणावं."

मी पुलावरून वाकून ओरडले, "आबा, आय म्हणतीया वर या."

"सांग तुझ्या आयला, झिरपायचं पाणी हाय, मुरंल."

"आय, आबा म्हणत्यात मुरंल."

त्या दोघांत दहा हातांचंही अंतर नव्हतं. आणि तेवढ्यात बाभळीवरचे काटेबुवा उठले. सगळे एकदम, भर उन्हात, लांब मिशा पुढे काढून, माझ्या तोंडावरून भिरभिरत गेले. मी काही बोलायच्या आधी आबांनी वर बघितलं. त्यांनीही पाहिलं. काटा हलला होता.

आईचा पदर खांद्यावर पडला. ती चारीत उतरली, वाघरीला जाऊन भिडली, आणि त्यांच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, "आबा, लेकरू द्या माजं."

मी आईचा तो आवाज आधी ऐकला नव्हता. आबा एक क्षण नुसते बघत राहिले, कुणी थोबाडीत मारावी तसे. मग त्यांनी बापूला घोंगड्यासकट उचललं आणि वाघरीवरून तिच्या हातात दिलं. "धर, पारू," म्हणाले. "वर जा." ती काठ चढली. तिथून एक हात पुढे करून म्हणत होती, "तुमी पण या, आबा, या की." पण त्यांच्या मागे कोकरं ओरडत होती. ते वळले आणि वाघरीच्या गाठी सोडू लागले. त्यांनीच मारलेल्या पक्क्या गाठी. एक सुटली. दुसरी सुटत होती तेव्हा माझ्या पायाखालचा पूल दणाणला आणि सगळा काट्यांचा बांध एकदम आत गेला.

पलीकडून निघालं ते पाणी, काटे, कोकरं आणि वाघर, एकाच गुंडाळ्यात. आबा त्या जाळीत होते. वळणावर सापडले. हलगीवाले, गुलाल लावलेले, हातात नारळ घेतलेले लोक तिथवर पोचले होते, टेलला इतक्या वर्षांनी पाणी आलं म्हणून त्याची ओटी भरायला. त्यांनीच त्यांना काढलं. हलगी बंद पडली तेव्हा मला पहिल्यांदा पाण्याचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी माती झाली. घरी परतलो तर पाटकरी टोपी हातात घेऊन दारात. "दादा, मला सांगवत न्हाय. पर पाळी आजच्यापुरती हाय. न्हाय घेतलं तर पाणी वढ्याला जाईल." दादांनी मान वर केली नाही. आमच्यात दारं धरायला येतंच कुणाला होतं? पाणी वाफ्यात कसं घ्यायचं, कुठे फोडायचं, हे आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं.

आईने कोपऱ्यातलं खोरं उचललं. बायका म्हणाल्या, "पारू, सुतक हाय. काय करतीस?" ती पदर खोचत म्हणाली, "ह्या पाण्यानं आमचा माणूस नेलाय. आता हे वढ्याला जाऊ देऊ?"

तिने चारीचं तोंड फोडलं आणि पाणी शेतात घेतलं. मी बरोबर होते. कडवळाचे, म्हणजे वैरणीच्या ज्वारीचे, वाळून गेलेले वाफे एकामागून एक भिजत गेले, जमीन चुरचुरत पाणी पीत होती, आणि आई इकडे माती टाकत होती, तिकडे उकरत होती. शेवटचा वाफा भरला तेव्हा उन्हं उतरली होती. ती बांधावर बसली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. मी जवळ गेले. "गार हाय गं," ती म्हणाली, आणि मग इतक्या वेळाने रडायला लागली.